सांगली ते सातारा, अर्ध्या तासात

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही, उलट त्यालाच हॉर्न देतो. माझ्या आयुष्यात जे काही विपरीत घडलं ते सगळं माझ्याच हातून घडलंय... भुताला कधी संधीच मिळाली नाही. म्हणूनच हा प्रसंग मला पचत नाही.

मी मूळचा कोरेगावचा. साताऱ्यात मी आणि माझा पार्टनर दत्ता जुन्या कॉम्प्युटरमधला डेटा काढून द्यायचं दुकान चालवतो. गेल्या वर्षी सांगलीहून एका काकूंचा फोन आला. माहेर-सासर दोन्ही माण तालुक्यातलं. त्यांचे यजमान सांगलीत छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवायचे, आणि सवड मिळाली की माणात जाऊन धनगरांच्या ओव्या रेकॉर्ड करून आणायचे. ते वारले, आणि सगळं एका जुन्या मशीनमध्ये अडकून पडलं. दुसरी कॉपी नाही.

सकाळी पोचलो, मशीन चालू केलं, तर डिस्क टक्... टक्... करायला लागली. स्कझी डिस्क – पट्ट्यासारख्या रुंद केबलची, आता भंगारातसुद्धा दिसत नाही. या टकटकीचा अर्थ आमच्या धंद्यात एकच – एकदा थांबली की पुन्हा फिरणार नाही. त्यात मंगळवार, लाइटवाल्यांचा दुरुस्तीचा वार. अकराला लाइट जाणार होती, आणि यूपीएसची बॅटरी कधीच फुगून मेलेली.

पेनड्राइव्ह का नाही लावला, असं विचाराल. त्या मशीनचा यूएसबी इतका जुना की मुंगी परवडली. माझ्या लॅपटॉपवर जागा नव्हती – तो कशाने भरला होता ते इथे विचारू नये. पण घरात फायबर होतं! डिस्कचा वेग चाळीस, फायबरच्या प्लॅनचाही वेग चाळीस. म्हटलं, छत्तीस गुण जुळले. सत्तर जीबीला चाळीसने भागलं आणि छाती पुढे काढून सांगितलं, “काकू, अर्धा तास. लाइट जायच्या आत सगळं साताऱ्यात, आमच्या दुकानातल्या मशीनवर.”

साडेदहाच्या आतच कॉपी सुरू करून दुकानात बसलेल्या दत्ताला फोन लावला.

“किती येळ म्हणालास?”

“अर्धा तास.”

“गड्या, डिस्कचं चाळीस हे मेगाबाइट हायत, आन् फायबरचं मेगाबिट! आठ बिटांचा एक बाइट. कालेजातली पोरंबी आठानं भागत्यात रं! चार तास लागत्यात.”

मी गार. ज्या चुकीवरून मी गिऱ्हाइकांना हसतो तीच मी केली होती.

काकू चहा घेऊन आल्या. “आवं, त्वांड का पडलं?”

“हिशोब... जरा...”

“चुकला व्हय?”

“चुकला.”

वाटलं, आता कप अंगावर येतो. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि मशीनसमोर बसल्या. “मग बंद नगा करू. जेवढं जाईल तेवढं जाऊ द्या. ह्यांचा आवाज ज्यात हाय, तेवढं गेलं तरी बास.”

“कुठल्या फाईलमध्ये आहे?”

“मला काय ठावं? ते गेल्यापास्नं उघडायचं धाडसच न्हाई झालं.”

आज लाइट जरा उशिरा घालवा, म्हणून मी लाइटच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं, आणि हसून फोन ठेवला. मग आम्ही दोघं नुसते टकटक ऐकत बसलो. स्क्रीनकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

दत्ताचाच फोन आला. “काय केलंस रं?”

“आता काय झालं?”

“संपलं.”

“तुटलं?”

“संपलं म्हंजे आलं, येड्या! समदं आलं. तपासलं मी, बाइट न् बाइट जुळतोय.”

मी स्क्रीनकडे पाहिलं. कॉपी पूर्ण, बरोबर अर्ध्या तासात. तेवढ्यात पंखा मंदावला, लाइट गेली, आणि डिस्क थांबली. दुपारी लाइट आली. डिस्क काही पुन्हा फिरली नाही.

डेटा दाबून लहान झाला असेल? गाण्याच्या फायली आवाज न बिघडवता आठपट दबत नाहीत. कंपनीने चुकून जास्त स्पीड सोडला? त्या मशीनच्या नेटवर्क कार्डालाच तेवढा झेपत नव्हता. अर्ध्या इंची पाइपातून कृष्णेचा पूर कसा जाईल? आठवड्याने त्याच लाइनवरून मुद्दाम तेवढाच डेटा पाठवून बघितला. लागले चार तास. माझी चूक त्या एका सकाळीच बरोबर निघाली.

काकूंचं म्हणणं साधं होतं. “तुमी अर्धा तास म्हणालात, ह्यांनी ऐकलं आसंल. गिऱ्हाइकाला दिल्याली येळ हे कवा मोडायचं न्हाईत.”

“काकू, मी हे मानत नाही.”

“मी कुठं म्हणते, माना?”

आठवड्याने गेलो त्याच दिवशी फायली नेऊन त्यांना लावून दिल्या. एकीत ढोल घुमत होता, आणि मध्येच एक पुरुषी आवाज ओरडला, “आरं शेरडं आवरा की, रेकॉर्डात येत्यात!” काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, “परत लावा.”

दत्ता अजून म्हणतो, तुझा काहीतरी घोळ झाला. अरे, घोळ झाला हे मीच सांगतोय की! पण त्या घोळाप्रमाणे काम झालं कसं? मला माहीत नाही. भूत मी आजही मानणार नाही, आणि ‘असं होऊच शकत नाही’ हेही ऐकून घेणार नाही. ज्याला म्हणायचंच आहे त्याने सांगलीला जावं, काकूंच्या समोर बसून ती फाईल लावावी... आणि मग म्हणून दाखवावं.