दोन पाळ्यांची टाकी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवा मासा सोडायचा असेल तर आधी आतले दगड हलवावेत. जुन्या माशाला आपली कपार सापडेनाशी झाली की तोही नव्याइतकाच परका होतो आणि मारामारी कमी होते. दुसरं, नव्याला थेट सोडू नये. भोकं पाडलेल्या पारदर्शक पेटीत ठेवून ती टाकीतच टांगावी. दोघांनी एकमेकांना बघावं, पण चावता येऊ नये. तिसरं, खाणं दोन टोकांना टाकावं. हे सगळं मी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं होतं, कारण दिवसभर मी ऑफिसात आणि टाकी बाबांच्या ताब्यात.

टाकीत एक निळा डॅमसेल होता. बोटाएवढा, पण सगळी टाकी आपलीच समजणारा. त्याच्या सोबतीला मी पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी क्लाउन आणला आणि त्याच आठवड्यात गावाहून काका आले.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नव्हतं. मूत्रपिंडं निकामी झालेली, डायलिसिससाठी दिवसाआड परळच्या इस्पितळात जावं लागणार, आणि आमचं घर लालबागला. दुसरीकडे कुठे जाणार होते? अडचण एवढीच की गिरण्यांच्या संपापासून बाबा त्यांच्याशी बोलत नव्हते.

संपाआधी चाळीतल्या एका खोलीत दोघे भाऊ वर्षानुवर्षं राहिले आणि कधी आवाज चढला नाही. कारण साधं होतं, ते एकत्र असायचेच नाहीत. बाबा पहिल्या पाळीला, काका रातपाळीला. एक वळकटी दोघांना पुरायची. संप झाला आणि दोघेही दिवसभर घरात. आई म्हणायची, खोली तेवढीच, माणसं दुप्पट झाली. पाणी कुणी भरलं, खिडकीशी कोण बसलं, यावरून भांडणं. संप रेंगाळला, डबे रिकामे झाले, आणि एके सकाळी काका कामावर गेले. परत आले तेव्हा त्यांची ट्रंक गॅलरीत होती. "फुटीर," एवढंच बाबा म्हणाले. मी दारात उभी होते. काकांनी ट्रंक उचलली आणि जिना उतरले. पुढे ती गिरणी दोघांसाठीही बंद पडली, पण तोवर काका गावी गेले होते.

मला वाटलं, आपण नीट आखणी केली तर निभेल. काका यायच्या आदल्या दिवशी मी हॉलमधली कॉट हलवली, टीव्ही दुसऱ्या भिंतीला नेला, बाबांची खुर्ची खिडकीपासून काढली. बाबा फिरून आले आणि सगळीकडे बघत उभे राहिले.

"दगड हलवलेस होय?" ते म्हणाले. "मी मासा नाही."

खरंच होतं ते. चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, पूर्वी जिथे घारी फिरायच्या तिथे आता आमचा हॉल होता, आणि तरी कुठला कोपरा कुणाचा हे बाबांना पाठ होतं. त्यांनी निर्णय सांगितला. काकांना आतली खोली. सकाळी हॉल काकांचा, तेव्हा बाबा खाली बागेत. दुपारपासून हॉल बाबांचा. काकांनी हे ऐकलं आणि मला म्हणाले, बरं झालं, सवयीचंच आहे.

दोघांचा जीव मात्र टाकीवर. काका नारिंगीच्या बाजूचे, बाबा निळ्याच्या. तो आधीपासून आहे, जागा त्याची, असं बाबांचं म्हणणं. पेटीतून बाहेर काढलेल्या नारिंगीची शेपटी निळ्याने फाडली, तेव्हा मी त्याला परत पेटीत घातलं आणि सांगितलं, अजून थोडे दिवस जाऊ देत. यांनी परस्पर वेगळंच सुरू केलं. सकाळी काका निळ्याला जाळीने धरून पेटीत घालायचे आणि नारिंगीला मोकळा सोडायचे. दुपारी बाबा उलट करायचे. एकमेकांशी अक्षर न बोलता दोघांनी माशांना पाळ्या लावल्या होत्या. मला कळलं तेव्हा मी दोघांना वेगवेगळं बसवून सांगितलं की रोज जाळीत धरलं तर मासा भीतीनेच खचतो. दोघेही हो म्हणाले आणि दोघांनीही चालू ठेवलं.

तक्रारी माझ्याकडे यायच्या. टाकीतला दगड पडला तर काका म्हणणार, दुपारच्या पाळीचं काम. काचेवर ओघळ दिसले तर बाबा म्हणणार, सकाळची पाळी. ताग्यात खोट निघाली की ती दुसऱ्या पाळीची, ही गिरणीतली रीतच. आपल्या पाळीत झाली असं तिथे कुणी आपणहून म्हणत नसे. मी हसायचे. मला वाटायचं, माझ्यामार्फत का होईना, बोलतायत. काका आहेत तोवर समोरासमोर एक शब्द झाला तरी पुरे.

काका खंगत चालले होते. एका सकाळी नारिंगी तळाशी आडवा दिसला. काकांनीच आधी पाहिला. जाळी त्यांच्या हातात होती. मी त्यांना इस्पितळात नेलं तर वाटभर तेच. माझ्या हातानं गेला गो. डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं. मी बाबांना फोन करून दोन्ही गोष्टी सांगितल्या.

दुपारी बाबा वॉर्डबाहेर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी विचारलं, काय म्हणतो? मी म्हटलं, माशाचंच धरून बसलेत. ते आत गेले आणि कॉटच्या कडेला बसले. काकांनी डोळे उघडले.

"मासो माझ्या पाळीत गेलो," बाबा म्हणाले.

काका म्हणाले, "पाळी माझी होती, दादा."

"मी सांगतंय ना. माझी."

काकांनी मान भिंतीकडे वळवली. त्यांचे खांदे हलत होते. बाबांनी पायाशी गोळा झालेली चादर सरळ केली आणि तिथेच बसून राहिले. भेटीची वेळ संपल्याचं सांगायला सिस्टर आली तेव्हा मी त्यांना उठवलं.

काका घरी आले नाहीत.

टाकीत मी दुसरा मासा आणलेला नाही. निळा सगळीकडे फिरतो. सकाळ-दुपार सगळा हॉल आता बाबांचा आहे, आणि ते आतल्या खोलीत बसतात.