व्याह्यांबरोबरची न संपलेली फायनल

अलिबागच्या ज्या हॉलमध्ये मी पूल खेळतो, तिथे माझा सामना लागला की बघे लोक जेवून येतात. काही जण घरी जाऊन डुलकी काढून येतात. परत येऊन बघतात तर मी टेबलाच्या त्याच कोपऱ्यात, तसाच वाकलेला, त्याच बॉलकडे बघत असतो. कुणीतरी विचारतं, "अजून हाच शॉट?" मी मान हलवतो. मान हलवल्यामुळे नेम बिघडतो. मग खडू, फेरी, वाकणं, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यात दोष माझा एकट्याचा नाही, धंद्याचाही आहे. मी वकील. हा हॉल कोर्टापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खेळणारे बहुतेक वकील, कारकून, टायपिस्ट. तिथे एक रिवाज पडला आहे. शॉट अवघड वाटला की खेळाडू क्यू, म्हणजे खेळायची काठी, वर करून म्हणतो, "मुदत!" समोरच्याने म्हणायचं, "हरकत नाही." मग खेळाडू तोंड धुऊन येतो, चहा घेतो, घरी फोन करतो. कधीतरी गंमत म्हणून सुरू झालेली गोष्ट, आता कायदा झाली आहे. आजवर कुणी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही, कारण पुढची मुदत त्यालाच लागणार असते.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेत मात्र मी कमाल केली. माझी सेमीफायनल इतकी लांबली की त्याच दिवशीची फायनल पुढच्या रविवारवर गेली. हॉलचा मालक आतल्या गावातला, भातशेतीवाल्या घरातला, तोंडाने फटकळ. तो म्हणाला, "वकीलसाहेब, आमचा भात लावून, कापून, झोडून व्हतो एवढ्यात." आणि त्याने भिंतीवर नवा नियम लावला: फायनल साडेचारला बंद. तीन डाव आधी जिंकेल तो विजेता. तोवर तीन झाले नाहीत तर जो पुढे असेल तो.

हॉलभर वकील, पण नियमातली पळवाट कुणाला दिसली नाही. पुढे असलेल्या माणसाने नुसतं उभं राहायचं, कप त्याचा! आणि नुसतं उभं राहण्यात या तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही. नियम माझा बंदोबस्त करायला केलेला, आणि फायदा झाला माझाच.

आता अडचण सांगतो. त्याच रविवारी पाच वाजता चौलला आमच्या घरी माझ्या पहिल्या नातीचं बारसं होतं. आणि फायनलमध्ये माझ्यासमोर होते नातीचे दुसरे आजोबा. म्हणजे माझे व्याही!

व्याही दिवेआगरचे, नारळी-पोफळीच्या वाडीवाले. बाजाराच्या कामाला अलिबागला येतात आणि जाताना हॉलवर डोकावतात. खेळ असा की क्यू हातात घेतला कधी आणि बॉल खड्ड्यात गेला कधी, कळत नाही. त्यांच्या सेमीफायनलला त्यांनी सांगितलेला चहा सामना संपल्यावर आला.

"तुम्ही दोघं आजोबा पाचच्या आत घरी हवेत," सकाळी बायकोने बजावलं. "विहीणबाई, जावई, आत्या, सगळे येणार. मुलीच्या सासऱ्यांना तुम्ही उशीर केलात तर मी कुणाला तोंड दाखवणार?"

"कप घेऊन येतो," मी म्हटलं.

ती हसली नाही. शोकेसमधली काचेची बदकं तिने आदल्या दिवशीच सरकवून ठेवली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने आजवर घरात काहीही जिंकून आणलेलं नाही. निदान एवढं तरी आणू दे, असं तिलाही वाटत असावं. मी तर तेव्हापासून जाता-येता त्या मोकळ्या जागेकडे बघत होतो.

फायनल सुरू झाली आणि कसं कोण जाणे, मी पहिला डाव जिंकलो. दुसरा व्याह्यांनी उडवला. तिसरा मी जिंकलो, कारण माझ्या विचार करण्याच्या काळात व्याही बाकावर बसल्या बसल्या पेंगले आणि उठून खेळले ते डोळे चोळत. चौथ्या डावात माझे दोन बॉल उरले आणि मग शेवटचा काळा, तो घातला की डाव माझा. व्याह्यांचे टेबलावर बरेच. साडेचारला थोडा वेळ बाकी. मी एका डावाने पुढे.

मी खडू घेतला.

"खडू लावताय का खाताय?" मालक ओरडला.

"मुदत घ्या ना, व्याही," समोरून व्याही म्हणाले. "अगदी सावकाश."

हे ऐकून हॉल खवळला. अहो, घड्याळ संपलं तर हरणार हेच, आणि सावकाश म्हणून सांगतायत हेच! पण मुलाकडचा माणूस मुलीच्या बापाला 'आटपा' कसं म्हणणार? आणि मुलीचा बाप असा सभ्यपणा ऐकून गप्प कसा राहणार?

"छे छे, तुम्हालाच खोळंबा होतोय," मी म्हटलं.

"नाही हो, कसला खोळंबा!"

"नाही, पण तुम्ही लांबून आलेले..."

"आरं, कुणी तरी मारा रं!" मालकाने कपाळाला हात लावला. "बॉलांना बुरशी धरल."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलीचा, व्हिडिओवर. मागे पाळण्याला झेंडूच्या माळा, नटलेल्या बायका, आणि मधोमध माझी नात, तोंड उघडून, गळा काढून रडताना.

"बाबा, ती आत्ता जागी आहे. एकदा झोपली की झालं. संपलं का?"

"दोनच बॉल राहिलेत गं."

मागून बायकोचा आवाज आला, "यांचे दोन बॉल म्हणजे आता नातीच्या लग्नालाच या म्हणावं!"

अख्ख्या हॉलने ते ऐकलं. व्याही टेबलाला टेकून इतके हसले की त्यांचा क्यू खाली पडला.

मी घड्याळाकडे पाहिलं. खरं तर मला काहीच करायचं नव्हतं. दोन फेऱ्या, थोडा खडू, एक डोळा मिटून नेम, आणि शोकेस भरली. कप त्या मोकळ्या जागेत कसा दिसेल तेही डोळ्यांसमोर आलं. पण त्याच वेळी समोर व्याही उभे दिसले, बारशासाठी घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, फोनवरच्या नातीला "आलो हां, आलो," म्हणत टाळ्या वाजवणारे. तोंडावर हसू, आणि पाय मात्र दाराकडे वळलेले.

मी वाकलो आणि मारला. विचार न करता! एक बॉल गेला. पळत पलीकडे जाऊन दुसरा मारला. तोही गेला! हॉलमध्ये एकदम शांतता पसरली, कुत्र्याने इंग्रजी बोलावं तशी. अंगात काय संचारलं कोण जाणे, मला त्या वेगाची झिंग चढली. हेच मी इतकी वर्षं का केलं नाही? काळ्यावरही तसाच तुटून पडलो. काळा सरळ खड्ड्यात. मी दोन्ही हात वर केले. आणि ज्याने बाकीचे मारायचे तो पांढरा, त्याच्या मागोमाग, अगदी पाहुणा घरात शिरावा तसा, अलगद त्याच खड्ड्यात.

काळ्याबरोबर पांढरा गेला की डाव समोरच्याचा. दोन-दोन. आणि घड्याळात साडेचार.

"आता रं?" मालक भिंतीवरचा नियम वाचू लागला. बरोबरी झाली तर काय, हे त्यात नव्हतं. वकील एकदम बोलू लागले. कुणी म्हणालं शेवटचा डाव आत्ताच खेळवा, कुणी म्हणालं कप दोघांत वाटा.

व्याह्यांनी पडलेला क्यू उचलून वर केला. "मुदत!"

"हरकत नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरचा चहावाला आत डोकावला.

मग माझ्या स्कूटरवरून आम्ही दोघं चौलला निघालो. रविवारच्या मुंबईकरांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. मी कडेकडेने, कुंपणं घासत, आणि मागे व्याही, हातात क्यू निशाणासारखा उभा धरून. वाटेत ओळखीच्या एकाने हाक मारली, "काय वकीलसाहेब, गळ टाकायला निघालात काय?" व्याही मागून ओरडले, "नात आणायला!" आणि आम्ही दोघं असे हसलो की स्कूटर जवळजवळ एकाच्या केळीत शिरली.

पोचलो तेव्हा नात जागी होती. आत्याने तिच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. मी पुढे होऊन नातीचा गाल कुरवाळला.

"अगंबाई, ही निळी तीट कुणी लावली?" विहीणबाई म्हणाल्या.

माझ्या बोटांना क्यूचा निळा खडू तसाच होता. व्याह्यांनी स्वतःची बोटं पाहिली, तीही निळी. त्यांनी दुसऱ्या गालावर एक तीट लावून दिली. "आता बरोबरी," म्हणाले.

बायको माझ्याकडे बघत होती. कप नव्हता हे तिने पाहिलं. "वेळेवर आलात," एवढंच म्हणाली, पण वाटीत पेढे मात्र दोन ठेवले.

शेवटचा डाव अजून व्हायचा आहे. वकिलांनी सर्वानुमते ठरवलं की निकाल लागेपर्यंत कप माझ्या ताब्यात आणि त्याचं झाकण व्याह्यांच्या. तेव्हापासून व्याही सुपारी, नारळ घेऊन तारखेला येतात, जेवतात, आणि दर वेळी दोघांपैकी कुणाला तरी मुदत लागतेच. शोकेसमध्ये बिनझाकणाचा कप आहे आणि बदकं कपात आहेत. ते नातीचं काम.

गेल्या रविवारी मात्र मालकाने निर्वाणीचं सांगितलं, आज संपवा. नातीलाही घेऊन गेलो, ती आता चालते. बॉल मांडले. व्याही सुरुवात करायला वाकले, तर पांढरा जागेवर नाही. नातीने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता आणि मागितला की मान हलवत होती, सावकाश, अगदी माझ्यासारखी.

"आता पांढराच न्हाय, तर खेळताय कशानं?" मालक म्हणाला.

आम्ही दोघांनी एकाच वेळी क्यू वर केले.