काकांचं बटण

लग्नात लाऊडस्पीकर लावणाऱ्या माणसाला 'जेवलास का' असं कोणी विचारत नाही. एक जण येऊन विचारतो, आवाज एवढा मोठा का? तो पाठ फिरवतो तोच दुसरा येऊन विचारतो, आवाज एवढा बारीक का? कोलशेतच्या कान्हाने हे दोन प्रश्न वीसेक वर्षं ऐकले. विचारणारे दोघेही एकाच पंगतीला बसून जेवायचे, आणि हा बाजूला वायरींच्या गुंत्यात बसून आपल्यापर्यंत बुंदी येते की संपते याचा अंदाज बांधत राहायचा. बहुधा संपायचीच.

धंदा त्याने स्वतःच्या हौसेने गळ्यात बांधून घेतला होता, त्यामुळे बोल लावायलाही दुसरं कोणी नव्हतं. बाप भिवाजी खाडीत मासे मारायचा. पण ऐंशी साल उजाडेपर्यंत खाडीकाठी कारखाने उभे राहिले आणि जाळ्यातल्या मासळीला रॉकेलसारखा वास यायला लागला. बाप गेल्यावर कान्हाने होडीतला आपला वाटा चुलत्याला देऊन टाकला आणि रेकॉर्डचं यंत्र, एक ॲम्प्लिफायर आणि दोन पत्र्याचे भोंगे घेऊन घरी आला. मुलगी रतन तेव्हा नुकती रांगायला लागली होती. म्हणून पेटीवर लाल रंगात नाव घातलं, 'रतन साऊंड सर्व्हिस'. बायको भागीरथी म्हणाली, "पोरीचं नाव पेटीवर कशाला? गावभर फिरल." फिरलंच.

कान्हाची आई आवडाबाई धवलारीण होती. खाडीकाठच्या जुन्या गावांत लग्नाला भटजी एक वेळ उशिरा आला तरी चालतो, धवलारीण मात्र वेळेवर लागते. मांडवाच्या मेढीला उंबराची फांदी बांधण्यापासून नवरीला हळद लागेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. धवलारीण तो गाते, देवांना नावं घेऊन मांडवात बोलावते, आणि तिचं गाणं झाल्याशिवाय विधी झाला असं जुनी माणसं मानत नाहीत. आवडाबाईला सगळे धवले तोंडपाठ होते. कान्हाला वाटलं, आई गाते, आपण वाजवतो, लग्नाचा सगळा आवाज एकाच घरात. इतका भाबडा माणूस या धंद्यात पडायलाच नको होता.

सुरुवातीला लोक कौतुकाने भोंग्याखाली येऊन उभे राहायचे. मग कॅसेटी आल्या, भोंग्यांच्या जागी माणसाएवढे बॉक्स आले आणि भोंगेवाल्याला लोक डीजे म्हणायला लागले. नाव वाढलं, मान काही वाढला नाही. आज माजिवड्याला हळद, उद्या डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, तिथून कल्याणला साखरपुडा. जिन्यावरून बॉक्स चढवताना भिंतीला ओरखडा पडेल म्हणून हॉलचा मॅनेजर कानीकपाळी ओरडायचा. मंगलाष्टकांच्या वेळी माईकने शिट्टी मारली की अख्खा हॉल वळून कान्हाकडे बघायचा, जणू यानेच तोंडात बोटं घालून वाजवली. आणि गाणं एकच. त्या मोसमात जे चालू असेल ते वरातीला, तेच हळदीला, तेच बारशालाही. "दुसरं लावू का?" असं विचारलं की लोक असे बघायचे, की याने नवरीच बदलू का म्हणून विचारलंय. कान्हाला स्वतःला संथ, जुनी गाणी आवडायची. त्यांची एक कॅसेट तो खिशात घेऊन फिरायचा. ती कधी मांडवात वाजली नाही.

एकोणनव्वद साली त्याने जुन्या बाजारातून एक मिक्सर घेतला. त्यातलं शेवटचं बटण आठवड्याभरातच मेलं. फिरायचं झकास, पण आवाजात काडीचा फरक पडायचा नाही. दुरुस्तीला सवड नव्हती, म्हणून ते तसंच राहिलं. मग डोंबिवलीच्या एका लग्नात नवरीचे आजोबा त्याच्याकडे आले, गेले, परत आले. कान्हाच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं, वर नवऱ्याकडची पोरं 'वाढव, वाढव' करून डोकं खात होती.

"अहो, जरा कमी करता का? व्याह्यांशी दोन शब्द बोलता येत नाहीत."

कान्हाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने आजोबांच्या डोळ्यांदेखत ते मेलेलं बटण डावीकडे फिरवलं. आजोबांनी मान जराशी तिरकी करून ऐकलं. "हं, आता कसं!" म्हणाले आणि मान हलवत निघून गेले. थोड्या वेळाने पोरं आली. कान्हाने तेच बटण उजवीकडे फिरवलं. पोरांनी आरोळी ठोकली, "अब आया मजा!"

त्या दिवशी घरी येऊन कान्हा पोट धरून हसला. बटणाला नाव पडलं, काकांचं बटण. अंधारात चटकन सापडावं म्हणून त्याने रतनच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका त्यावर लावला. ज्या धंद्यात त्याचं कोणीच ऐकत नव्हतं, त्यात ही एवढी एकच गोष्ट त्याच्या हातात होती. तेव्हापासून जो कोणी काका, मामा, आजोबा तक्रार घेऊन यायचा, त्याच्यासाठी ते बटण फिरायचं आणि काका गुमान परत जायचे.

मग एकदा त्या बटणापाशी आवडाबाई आली. माजिवड्याला हळद होती, धवलारीण म्हणून तिला बोलावलेलं आणि साऊंड कान्हाचा. ती गर्दीतून धक्के खात टेबलापर्यंत आली.

"बाला, जरा कमी कर रं. हलद लावताव. देवांना ऐकू नको?"

नवऱ्याचे मित्र बॉक्सवर चढून नाचत होते. आवाज कमी केला म्हणून त्यांच्यातल्या एकाने थोड्या वेळापूर्वीच कान्हाची कॉलर धरली होती. कान्हाचा हात आपोआप लाल ठिपक्यावर गेला.

"केला, आये."

"हा, बरा झाला," म्हणून ती मेढीशी जाऊन बसली आणि गायला लागली. कान्हाला तिचे हलणारे ओठ दिसत होते, गाण्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. त्याला स्वतःची शरम वाटली आणि मग त्या शरमेचाच राग आला. आपण काय करणार होतो, मार खाणार होतो? रात्रभर तो स्वतःशी हेच भांडण भांडत राहिला.

पुढे त्याने तिच्या हातात माईक देऊन पाहिला. माईकने शिट्टी मारली तसा तिने तो विंचवासारखा झटकून टाकला आणि पुन्हा हात लावला नाही. हळूहळू तिला येणारी बोलावणीही नावापुरती उरली. लोक तिच्या हातात नारळ द्यायचे आणि म्हणायचे, "आवडाबाय, दोन ओळी बोल शकुनाला, पोरं खोळंबलीत." तिने कधी तक्रार केली नाही. घरी चुलीपुढे बसून ती सगळे धवले पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची, आणि रतन ते ऐकत मोठी झाली.

याच सुमाराला कान्हाच्या हाताखाली तयार झालेल्या पंढरीने कल्याणला स्वतःचा डीजे काढला. जाताना त्याने जुना मिक्सर मागितला.

"त्याचं शेवटचं बटण मेलंय," कान्हा म्हणाला.

"दादा, तेच तर पायजे!" पंढरी म्हणाला, आणि दोघं खूप हसले.

अठ्ठ्याण्णव साली रतनचं लग्न ठरलं. साड्या, दागिने यांबद्दल पोरगी काही बोलली नाही. तिने बापाकडे एकच मागितलं. "बाबा, माझ्या हळदीला आजीचे धवले पायजेत. शकुनाला दोन ओळी नाय, सगळे. आणि मला ऐकू आले पायजेत."

आवडाबाई पंचाहत्तरीला आली होती. ती म्हणाली, "तुजी मशीन वाजत असल तं मी गाऊन काय करू?"

"माझ्याच मांडवात माझं कोण ऐकणार नाय, आये?" कान्हा छाती काढून म्हणाला. "हळद लागून होईपर्यंत एक बॉक्स वाजणार नाय. शब्द देतो."

गावाने नाकं मुरडली. डीजेच्या पोरीची हळद आणि डीजेच नाही! शेजारी सांगून गेले, मित्र समजावून गेले, कान्हाने सगळ्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो कोणाला तरी 'नाही' म्हणत होता आणि ते त्याला फार आवडत होतं.

हळदीच्या दुपारी मांडवासमोर टेम्पो येऊन थांबला. पुढून उतरला भागीरथीचा भाऊ दामाजी, आणि त्याच्या मागून पंढरी. टेम्पोत बॉक्स, लाइटी आणि जनरेटर गच्च भरलेले.

"भावजी, भाचीच्या हळदीला मामाचा आहेर!" दामाजी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडला. पंढरीने वाकून कान्हाच्या पायांना हात लावला. "दादा, तुमच्या दारात वाजवायला मिळतंय. नशीब माझं."

कान्हाने भागीरथीला घरामागे गाठलं. "तुझ्या भावाला सांग, टेम्पो परत ने."

"मी सांगू?" भागीरथी उसळली. "गेल्या वर्षी नारळ आधी दुसऱ्याच्या हातात दिला म्हणून सख्ख्या पुतणीच्या मांडवातून उठून गेलेला तो. उद्या रुसून बसला तर रतनला मांडवात कोण आणील? तुम्ही?"

नवरीला मांडवात मामाने आणायचं असतं, आणि रतनला मामा एकच. भागीरथी जरा नरमून म्हणाली, "पंढरी तुमच्याच हाताखाली शिकला ना? त्याला सांगा बारीक ठेव म्हणून. तुमचं ऐकल."

कान्हाला हे पटलं, किंवा पटवून घ्यावं लागलं. तो दामाजीशी गोड बोलला, मग पंढरीकडे गेला. "हळदीच्या वेळेला आये गाणार आहे. तेव्हा एकदम बारीक."

"दादा, टेन्शनच नको," पंढरी म्हणाला.

दिवेलागणीला रतनला पाटावर बसवलं. आवडाबाई तिच्याशेजारी मेढीला टेकून बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पहिला धवला काढला. ती खाडीच्या देवाला बोलावत होती, होडी वल्हवत ये म्हणत होती. आवाज चिरका झाला होता, पण लय सुटली नव्हती. ती पहिली ओळ कान्हाने शब्द न् शब्द ऐकली. रतनने डोळे मिटून घेतले. एवढ्यासाठीच कान्हाने सगळ्या गावाशी वाकडेपणा घेतला होता.

दुसरी ओळ सुरू झाली आणि बॉक्स दणाणले. दामाजीच्या गावची पोरं आली होती. गाणं अर्थात त्या मोसमाचं, तेच एक. मांडवाचं कापड थरथरत होतं आणि दामाजी मधोमध दोन्ही हात वर करून नाचत होता.

कान्हा गर्दीतून वाट काढत निघाला. कोणाचं कोपर लागलं, कोणाचा पाय पायावर पडला. खांदे पाडून, एक हात वर करून, तोंडाने काहीतरी बोलत टेबलाकडे येणारा असा माणूस त्याने आयुष्यभर समोरून पाहिला होता. आज तोच तसा चालत होता. त्याने पंढरीच्या कानाशी तोंड नेलं.

"पंढऱ्या, कमी कर. आये गातेय."

पंढरीने मान डोलावली. पलीकडून दामाजी 'वाढव, वाढव' असा हात करत होता. पंढरीचा हात मिक्सरवर गेला, शेवटच्या बटणावर. लाल ठिपका निम्मा उडाला होता, पण होता. बोटांनी ते बटण डावीकडे फिरवलं आणि पंढरीने अंगठा वर केला. झाला, दादा.

आपण कोणापुढे काय केलं ते पंढरीला लगेच कळलं. अंगठा तसाच राहिला, डोळे खाली गेले. तरी त्याचा हात खऱ्या बटणाकडे गेला नाही, कारण दामाजी आता येऊन टेबलावर थापा मारत होता. जनरेटरची वायर कान्हाच्या पायाशीच होती. पायाच्या अंगठ्याने ओढली असती तरी सुटली असती. त्याने वायरीकडे पाहिलं, दामाजीकडे पाहिलं, आणि उद्या मांडवात मामाविना उभी राहिलेली रतन त्याच्या डोळ्यांपुढे आली. मग त्याची मान जराशी तिरकी झाली, त्याने ऐकल्यासारखं केलं आणि मान हलवली. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की सगळे काका फसले. त्यांतला एकही फसला नसणार, हे त्याला आता कळलं, आणि रडू यावं इतका राग आला. कोणाचा, ते त्याला धड सांगता आलं नसतं.

तो मेढीशी परत आला. आवडाबाईने तोंड रतनच्या कानाशी नेलं होतं. तिचे ओठ हलत होते. रतनचे डोळे मिटलेलेच होते. तिला ऐकू येत होतं की ती आजीसाठी ऐकल्यासारखं करत होती, ते कळायला मार्ग नव्हता. कान्हाला बघून आवडाबाई थांबली. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

"झाला का रं कमी?" तिने त्याच्या कानात विचारलं.

"झाला, आये," तो तिच्या कानात ओरडला.

तिने त्याच्या गालाला हळदीचा हात लावला. "माजिवऱ्याला केलेलास ना बाला, तवराच झाला," ती म्हणाली, आणि पुन्हा रतनच्या कानाशी वाकून गायला लागली.