कुत्रीचा विमा आणि बैलाचा बिल्ला

पोळ्याच्या सकाळी मी आमच्या कुत्रीला आंघोळ घालत होते आणि तिच्या पोटावर माझ्या बोटांना एक गाठ लागली. मागच्या आचळाशेजारी, लाखोरीच्या डाळीच्या दाण्याएवढी. दाबली की सरकायची. कुत्रीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पण ओरडली नाही. मी साबणाचा हात तसाच ठेवून बसून राहिले. आत खाटेवर माझा फोन होता आणि त्यात तिच्या विम्याचा फॉर्म अर्धा भरून ठेवलेला होता. सातवा प्रश्न असा होता की जनावराला सध्या एखादा आजार, जखम किंवा गाठ आहे का. आदल्या संध्याकाळी मी त्यापुढे 'नाही' अशी खूण केली होती.

आदल्या संध्याकाळी ते उत्तर खरं होतं.

आमच्याकडे आता बैल नाहीत. धानाच्या शेताची चिखलणी ट्रॅक्टरने होते. गावात इतर घरी बैल धुऊन, शिंगं रंगवून सजवतात, तेव्हा आमच्या अंगणात धुवायला ही एकच. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, घरातलं घरातच राहू दे. आई तिला 'बाई' म्हणते, तेवढं पुरे. पाच-सहा वर्षांपूर्वी धानकापणीच्या दिवसांत ती बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पाळीवर सापडली होती, ओल्या पेंढीत अंग चोरून बसलेली. मला लोकांशी बोलायला शब्द सापडत नाहीत, तिच्याशी शब्दांचं काम पडत नाही.

विम्याचं माझ्या डोक्यात आलं ते मागच्या दिवाळीनंतर. एका मोटारसायकलने तिचा पाय मोडला आणि मला तिला नागपूरला न्यावं लागलं. मी जवळच्या पवनीला एका शाळेत लहान मुलांना शिकवते. पगार बेताचा, त्यात ते उपचार जेमतेम बसले. शाळेतल्या एका मॅडमनी सांगितलं की आता कुत्र्यामांजरांचाही विमा निघतो. वर्षाचा हप्ता माझ्या महिन्याच्या अर्ध्या पगाराएवढा होता. मी कितीतरी दिवस ठरवू शकले नाही. काहीच झालं नाही तर पैसे गेले, आणि काही झालं तर आपण तयार नव्हतो. दोन्ही विचार सारखेच खरे वाटायचे.

आईला कळलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिने विळीवरून मानही उचलली नाही.

"माणसाचा इमा नाही काढला या घरात कोणी, अन् ही कुत्रीचा काढून राहिली! उद्या कोंबड्यायचा काढजो."

"आई, तिला पुन्हा काही झालं तर?"

"झालं तं पाहू. कायले आधीच बोलावतं?"

तरी मी फॉर्म उघडला. जातीच्या रकान्यात परदेशी कुत्र्यांची भली मोठी यादी होती, आमच्या गावच्या कुत्रीसाठी शेवटी 'इतर'. वय अंदाजाने टाकलं. एक अट अशी की डॉक्टरने जनावर निरोगी असल्याचं लिहून दिलं पाहिजे. पोळ्याच्या दोन दिवस आधी ग्रामपंचायतीपुढे गुरांच्या लसीकरणाला डॉक्टर आले, तेव्हा मी कुत्रीला घेऊन रांगेच्या शेवटी उभी राहिले. गायी-म्हशी झाल्यावर त्यांनी कागद मांडीवर घेतला, कुत्रीकडे एकदा पाहिलं आणि सही केली. "हिले काय झालं? धडधाकट तं आहे," म्हणाले. तिला हात लावला नाही. मीही 'एकदा तपासा' म्हटलं नाही. आजूबाजूला लोक हसत होते आणि मला तिथून लवकर निघायचं होतं.

म्हणजे पोळ्याच्या सकाळी माझ्याजवळ सही-शिक्क्याचा कागद होता, खरं असलेलं 'नाही' होतं, आणि ओल्या हाताखाली गाठ होती.

मी आईला बोलावलं. तिने गाठ चाचपली, हात पदराला पुसले आणि हळू आवाजात विचारलं, "फारम पाठवला काय?"

"नाही."

"मंग आत्ताच पाठव. गाठ कधी लागली हे कोणाले माहीत आहे? तुले अन् मले."

नियम मी तिला वाचून दाखवलेला होता. विमा सुरू झाल्यावर पहिले तीस दिवस आजाराचा खर्च मिळत नाही, त्यानंतर मिळतो. आई शाळा फार शिकली नाही, पण हिशेब तिने माझ्याआधी केला. आज फॉर्म पाठवायचा, तीस दिवस गप्प राहायचं, एकतिसाव्या दिवशी गाठ 'सापडवायची'.

"अन् खरं लिहिलं तं?" तिने विचारलं.

"तर या गाठीचा खर्च ते कधीच देणार नाहीत."

"पाह्य मंग. खरं लिहून कुत्री वाचते काय?"

मी कुत्रीच्या अंगावर पाणी ओतायला लागले. आईला वाटलं मी ऐकलं. पण मला त्या वेळी एक कान आठवत होता.

मी सातवीत असताना आमच्याकडे बैलांची शेवटची जोडी होती. दोघांचा विमा काढला होता आणि दोघांच्या कानात नंबराचे पिवळे प्लास्टिकचे बिल्ले ठोकलेले होते. बिल्ला म्हणजेच विम्याची ओळख, असं ठोकणाऱ्याने बजावलं होतं. आईने ते फार मनावर घेतलं. आमच्याकडे जी वस्तू महत्त्वाची, ती वापरात ठेवत नाहीत, जपून ठेवतात. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बैल चिखलात लोळले, कान काट्यात अडकला, तर बिल्ला तुटून बांधीतल्या चिखलात पडेल आणि मग कधी हाती लागायचा नाही, अशी तिला भीती. त्यातच एका बैलाचा कान बिल्ल्यापाशी चिघळला. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकताना तिने तो बिल्ला अलगद कापून काढला, जखमेला हळद भरली, बिल्ला धुतला आणि रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला. तिच्या मते आता तो सुरक्षित होता.

पंधरा-वीस दिवसांत तोच बैल शेताच्या धुऱ्यावर, बांधावर चरताना, साप चावून मेला.

विमा कंपनीचा माणूस पाहणीला येणार म्हणून निरोप आला, तेव्हा आईला डबा आठवला. शेजारचे काका म्हणाले, "लावून द्या वहिनी, कोण पाहून राहिलं?" आईने पोती शिवायचं दाभण आणलं. मी कान धरला. कान थंड होता आणि जाड पुठ्ठ्यासारखा लागत होता. दाभण आरपार गेलं, पण रक्ताचा थेंब आला नाही. हे मी पाहिलं, आईनेही पाहिलं. मग दोघींनी मिळून बिल्ला त्या भोकात बसवला.

आलेला माणूस तरुण होता. त्याने बोटाने कान उलटा केला, भोकाकडे पाहिलं, रुमालाने बोटं पुसली आणि वहीत काहीतरी लिहिलं. चहा नको म्हणाला. बाबा दाराशी उभे होते. त्यांनी विचारलं, "होईल ना साहेब?" तो म्हणाला, "कळवू."

महिन्याभराने पत्र आलं, इंग्रजीत. गल्लीतली सगळी इंग्रजी माझ्याकडेच यायची, कारण मी इंग्रजी शाळेत जात होते. बाबा माझ्यासमोर पाटावर बसले. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की बिल्ला मृत्यूनंतर लावलेला आढळला, ही फसवणूक आहे आणि म्हणून दावा फेटाळला आहे. मी वाचलं आणि बाबांना सांगितलं, "बिल्ला नीट नव्हता, म्हणून नाही म्हणतात." फसवणुकीची ओळ मी गाळली. ते पत्र दप्तरात घालून मी शाळेत नेलं आणि फाडून टाकलं.

ती ओळ मी कधीच कोणाला सांगितली नव्हती.

पोळ्यानंतरचे दिवस वाईट गेले. फॉर्म मी पाठवलाही नाही आणि पुसलाही नाही. रोज शाळेतून आले की हातपाय धुवायच्या आधी कुत्रीला उताणी करून गाठ चाचपायची. तिला तो खेळ वाटायचा, ती पाय हलवायची. चौथ्या दिवशी गाठ मोठी वाटली. पाचव्या दिवशी वाटली नाही. आठव्या दिवशी शंका राहिली नाही, वाटाण्याएवढी झाली होती आणि पहिल्यासारखी सरकत नव्हती. फोनवर फॉर्मची आठवण यायची, 'तुमचा अर्ज अपूर्ण आहे'. आई येता-जाता माझ्याकडे पाहायची. एकदा जेवताना म्हणाली, "त्याच दिवशी पाठवला असता तं आठ दिवस कमी झाले असते." मी मनात मोजले. बावीस उरले असते. मोजले म्हणून माझी मलाच लाज वाटली.

त्या संध्याकाळी बाबा अंगणात फवारणीचा पंप धूत होते. कुत्री त्यांच्या पायाशी बसली होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. मला सुरुवात करता येत नाही हे त्यांना माहीत आहे, ते वाट पाहतात.

"बाबा, बैलाचं ते पत्र आठवतं?"

"हो."

"त्यात अजून एक ओळ होती. मी वाचली नव्हती." आणि मी ती ओळ सांगितली, पहिल्यांदाच मराठीत.

बाबांनी पंपाचं झाकण फिरवून घट्ट केलं. "मले समजलं होतं," ते म्हणाले.

"कसं?"

"तू वाचता वाचता थांबली होतीस, अन् मंग भलतीच लवकर संपवलं. एवढ्या लंब्या कागदात एवढंसंच कसं असल?" त्यांनी ओले हात झटकले. "तू लहान होतीस. तुह्या तोंडून मले ते आयकायचं नव्हतं. म्हणून इचारलं नाही."

मग मी त्यांना गाठीचं आणि तीस दिवसांचं सांगितलं. आई दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी खाली वाकून कुत्रीच्या पोटाला हात लावला. त्यांना गाठ लगेच सापडली.

"तो बैल मेला होता बेटा," ते म्हणाले. "तेव्हा खोटं बोलून त्याचं काही बिघडणार नव्हतं. हे जित्तं आहे. तीस दिवस हिच्या पोटात गाठ वाढवायची, अन् ते बी कागदासाठी?"

"अन् खर्च?" आई दारातून म्हणाली.

"होईल तसं पाहू."

"तुमचं नेहमीचंच आहे हे, होईल तसं पाहू," आई म्हणाली. पण ती आत गेली आणि कुत्रीसाठी जुनी चादर काढून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा सांगितली. पवनीहून पहाटे नागपूरला जाणाऱ्या भाजीच्या गाडीत बाबा आणि मी मागे बसलो, कुत्री दोघांच्या मधे, वांग्यांच्या पोत्यांना टेकून. तिथल्या दवाखान्यात डॉक्टर बाईंनी गाठ तपासली आणि विचारलं, "कधीपासून आहे?" मी म्हणाले, "मला कळून नऊ दिवस झाले." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागदावर तो आकडा लिहिला. त्या नऊ दिवसांबद्दल मला अजून कोणी काही बोललेलं नाही.

त्याच दिवशी गाठ काढली आणि तपासायला पाठवली. निकाल यायला आठवडा लागला. तो आठवडा मी कुत्रीच्या पोटावरचे टाके पाहत काढला. गाठ वाईट जातीची निघाली, पण काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत पसरलेली नव्हती. डॉक्टर बाई फोनवर म्हणाल्या की वेळेत आणली, तरी दर तीन महिन्यांनी दाखवत राहा, पुन्हा होणारच नाही असं मी सांगू शकत नाही.

टाके सुकल्यावर मी तो फॉर्म पुन्हा उघडला. डॉक्टरांचं जुनं प्रमाणपत्र काढून टाकलं, नागपूरचे कागद जोडले. सातव्या प्रश्नापुढे 'होय'. चार दिवसांनी उत्तर आलं. अशा प्रकारच्या गाठींचा खर्च कधीच मिळणार नाही, बाकी आजार आणि अपघात चालतील. हप्ता तेवढाच.

ते पत्रही इंग्रजीत होतं. मी पाटावर बसलेल्या बाबांना सगळं वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता.

"मंग आता उरलं काय त्यात?" त्यांनी विचारलं.

"मोटारसायकल," मी म्हणाले.

बाबा हसले. "आपल्या रस्त्याले तेवढंच लय आहे. घे."

शेवटी कुत्रीचा समोरून स्पष्ट फोटो हवा होता. ती स्थिर बसेना, म्हणून आईने तिचं डोकं धरलं. मी फोन वर केला तर आई एका हाताने तिचा कान उलटा करून आत पाहत होती.

"हिच्या कानाले तं नाही ना ठोकत काही?"

"नाही, आई. फोटो चालतो."

"बरं," आई म्हणाली. फोटो निघाला तरी तिने तो कान सोडला नव्हता.