बिनसाखरेची कॉफी

माझी धाकटी बहीण नबीहा अलेक्झांड्रियात राहते आणि परदेशी विद्यापीठांसाठी माहिती गोळा करते. नोकरी नाही. येईल ते काम घ्यायचं, झेपलं नाही तर परत करायचं, मग ते दुसऱ्या कुणाला देतात. या वेळचं काम आमच्याच गावातलं निघालं. होडीतून इटलीला निघालेल्या आणि बुडालेल्या पोरांच्या चाळीस घरी जाऊन विचारायचं. एकोणचाळीस घरं तिने उरकली. चाळिसावं उम्म अतियाचं, म्हणजे अतियाच्या आईचं, आमच्या भिंतीला लागून.

तिचा अतिया होडीत बसून निघाला त्याला तीन वर्षं झाली. त्याच होडीतल्या इतर पोरांच्या घरी सांत्वनाच्या बैठका झाल्या. हिने कुणाला उंबरा ओलांडू दिला नाही. "समुद्राने परत दिला नाही, म्हणजे आहे कुठंतरी," म्हणायची. आणि नबीहाच्या कागदावर पहिलाच प्रश्न होता, मृत्यूची बातमी कशी कळली?

"ठेवू की सोडू? उद्या कळवायचंय," नबीहाने विचारलं.

"चुलीत घाल ते काम."

"मी सोडलं तर कैरोचा कुणी येईल, दारातच फाडकन विचारेल. मी निदान जपून विचारीन."

"अगं, परका विचारेल आणि जाईल. तुला ती पोटच्या पोरीसारखी मानते. तुझा शब्द तिला लागेल."

"मग आज नुसती बसून येते. कागद काढतच नाही."

मीही सोबत गेले. उम्म अतिया हरखली. "शहरात उपाशी ठेवतात का गं? पार काटकी झालीस! कॉफी कशी करू? तुला तर चमचा उभा राहील इतकी साखर लागायची."

"आता बिनसाखरेची, खाला."

सवयीने बोलून गेली बिचारी. शहरात तिने साखर सोडलीय. पण आमच्या गावात पाहुणा कडू कॉफी मागतो तो फक्त मयताच्या घरी. मी तिला चिमटा काढला, पण तोवर उशीर झाला होता.

उम्म अतियाची नजर नबीहाच्या मांडीवरच्या कागदांच्या पिशवीवर गेली. "म्हणजे तुला कळलंय."

"नाही हो खाला, काही नाही कळलं! मी साखरच खात नाही आता!"

"राहू दे. तुझ्या आईसारखंच तुलाही खोटं बोलता येत नाही."

तिने तीन कप आणले. तिन्ही कडू. आपला कप तिने उभ्यानेच संपवला आणि मला म्हणाली, "बायकांना सांग, यायचं असेल तर या."

तीन दिवस रीघ लागली. नबीहा येईल त्या बाईला शपथेवर सांगत होती की आपल्याला काहीच ठाऊक नाही. बायका मान हलवायच्या. शिकलेली माणसं असंच बेताबेताने सांगतात, म्हणायच्या. नबीहाने काम परत केलं. मी तिला नाही नाही ते बोलले, त्याची आता मला लाज वाटते. ती त्यानंतर गावी आलेली नाही.

दीड महिन्याने कैरोचा माणूस आला. उम्म अतियाने मला शेजारी बसवून घेतलं. माणूस सभ्य होता, खाली मान घालून त्याने विचारलं, "मृत्यूची बातमी कशी कळली?"

"नबीहाने आणली," उम्म अतिया म्हणाली. "भली पोर. तोंडाने एक शब्द बोलली नाही."