भल्ला साहेबांचे मासे आणि मी केलेला सम्प

मासे पाण्याच्या वर तोंडं काढून श्वास घेत होते आणि भल्ला साहेब माझ्याकडे बघत होते.

"मैडम, कुछ करो यार. गुड़िया को क्या मुँह दिखाऊँगा?"

मी दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्स बघते. भल्ला साहेब आमचे प्लांट हेड. गुडिया त्यांची मुलगी. ती शिकायला परदेशी गेली आणि जाताना समुद्री माशांची जोडी वडिलांच्या गळ्यात मारून गेली. घरी मिसेस भल्लांनी हात वर केले, म्हणून खाऱ्या पाण्याचं अॅक्वेरियम आमच्या रिसेप्शनमध्ये आलं. मुलगी व्हिडिओ कॉलवर आधी मासे बघायची, मग वडील.

पाणी गढूळ झालं होतं. अॅक्वेरियमवाल्याने फोनवर सांगितलं, सम्प लावा. सम्प म्हणजे खाली कपाटात ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी ओसंडून तिच्यात येतं, गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर पाठवतो. एकूण पाणी वाढतं, स्वच्छ राहतं, मासे जगतात.

मला हसूच आलं. मशीन शॉपमध्ये कूलंटचं, म्हणजे यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, मी वर्षानुवर्षं हेच करत आले आहे.

"सर, बाहर से किसी को मत बुलाइए. हम बना देंगे," मी म्हणाले. इथे थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणाले, "दो मछलियाँ ही तो हैं."

घरी, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, हे कौतुकाने नवऱ्याला सांगितलं. तो केंद्र सरकारात फायली बघतो. "अगं, पण कूलंट मरत नाही," तो म्हणाला. फायलीवाल्यांचं मी मनावर घेत नाही.

काचेची जुनी टाकी, तीन कप्पे, स्पंज, पीव्हीसी पाइप. आमचा फिटर सतबीर आणि मी अगदी रंगात आलो. पाणी वर नेणाऱ्या पाइपचं तोंड मी वरच्या टाकीत पार तळाशी नेलं, कारण पाणी वरून पडलं की आवाज होतो आणि रिसेप्शनिस्ट कुरकुरते. पाणी जितकं जास्त तितकं चांगलं, म्हणून सम्प काठोकाठ भरला. सकाळी चालू केला. दुपारपर्यंत एक थेंब सांडला नाही. मासे खाली उतरून निवांत फिरू लागले.

आता आमच्याकडे कुठलंही नवं मशीन पूजेशिवाय चालू होत नाही. कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि साहेबांनी बटण दाबायचं. सम्प तर चालूच होता. चालत्या मशीनचं उद्घाटन कसं करणार?

"सतबीर, बंद कर दो. सर चालू करेंगे," मी म्हणाले.

त्याने बंद केलं. साहेबांनी डोळे मिटून हात जोडले. पंप थांबला, पाणी थांबलं नाही. पाण्याने भरलेल्या पाइपचं एक तोंड वर बुडालेलं आणि दुसरं खाली असलं की पाणी आपोआप उतरतं. ड्रममधून नळीने रॉकेल काढतात तसं. हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. काठोकाठ भरलेला सम्प उतू गेला. कपाटातून कार्पेटवर, कार्पेटवरून साहेबांच्या बुटांत.

"मैडम, चालू करो इसे!"

"सर, हात मत लगाइए! बिजली का बोर्ड भीग गया है!"

सतबीर मेन स्विचकडे धावला. वरची टाकी रिकामी होत चालली होती. मासे तळाशी एकमेकांना चिकटले होते. त्या पोरीने विश्वासाने ठेवलेले दोन जीव माझ्या अतिशहाणपणाने जाणार होते.

"बंद हो गया जी!" सतबीर ओरडला. मी हातातलं कुंकवाचं ताट साहेबांच्या हातात कोंबलं, सोफ्यावर चढले, खांद्यापर्यंत हात टाकीत घातला आणि पाइप पाण्याबाहेर ओढला. हवा शिरली, धार तुटली.

सम्पमधलं पाणी आम्ही बादलीने वर नेलं. पाइपला पाण्याच्या पातळीजवळच बारीक भोक पाडलं, म्हणजे पंप थांबला की लगेच हवा शिरावी. सम्प अर्धा रिकामा ठेवला. बोर्ड भिंतीवर उंच लावला. मग मी स्वतः पंप पुन्हा पुन्हा बंद करून पाहिला. मासे जगले. पुढच्या कॉलवर गुडिया म्हणाली, "पापा, ये दोनों कितने खुश लग रहे हैं!" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पायात त्या दिवशी चप्पल होती.

पूजेसाठी पंप बंद केला नसता तर कधीतरी सुट्टीच्या दिवशी वीज जाऊन तो थांबला असता, टाकी अशीच रिकामी झाली असती आणि सोमवारी मासे मेलेले सापडले असते. आता कुठलंही काम ताब्यात घेण्याआधी मी ते बंद करून बघते. चालतं यंत्र कुणाचंही चांगलंच दिसतं. त्या दिवशी दुपारपर्यंत मीसुद्धा हुशार दिसत होते.