फळ्यावरची शेतं

निर्मलाताईंची आणि माझी पहिली भेट पनवेलमधल्या त्यांच्या शाळेच्या व्हरांड्यात झाली, आणि त्या भेटीत मी त्यांना प्रमाणपत्राबद्दल विचारलं. न्हावा शेवाचं बंदर तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. पनवेलमध्ये जो तो कसला ना कसला कोर्स करत होता, आणि कोर्स म्हटला की शेवटी प्रमाणपत्र, एवढंच मला ठाऊक. ताई शाळेत इतिहास शिकवत आणि सुट्ट्यांमध्ये नोकरदार, गृहिणी, गावोगावची मोठी माणसं अशा सगळ्यांसाठी तीन दिवसांचे निवासी अभ्यासवर्ग घेत. इतिहास, साहित्य, थोडं तत्त्वज्ञान. परीक्षा नाही आणि प्रमाणपत्रही नाही, असं त्यांनी सांगितलं. मग मिळणार काय, असं मी विचारलं. दोन वेळचं जेवण आणि तीन दिवस डोक्याला त्रास, असं म्हणून त्यांनी माझं नाव लिहूनही घेतलं.

आज त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीच्या मित्रांनी मला ताईंनी दिलेल्या समाधानाबद्दल लिहायला सुचवलं आहे. क्षमा करा, ते मला जमणार नाही. समाधान त्यांनी मला कधी दिलंच नाही. होतं तेही घालवलं. आभार मानायचे आहेत ते त्याचेच.

वर्ग सुकापूरच्या एका शाळेत भरत. बाकं भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरायच्या, आपलं ताट आपण घासायचं. माझं घर सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर होतं, तरी झोपायला घरी जायची परवानगी नव्हती. घरी गेलात की दिवसभर ऐकलेलं वाटेतच सांडून याल, असं ताईंचं म्हणणं. बायकांना राहू देत नाहीत म्हणून ताई स्वतः घरोघर जात. पनवेलमधल्या एका मुस्लिम दुकानदाराच्या सुनेला तिच्या सासूबाई सोडेनात, तेव्हा ताईंनी सासूबाईंनाच आमंत्रण दिलं. त्या आल्या, आणि तीन दिवस सर्वांत जास्त प्रश्न त्यांनीच विचारले. सूनबाईंना तोंड उघडायला जागाच मिळेना.

आणखी एक नियम होता. शेवटच्या दुपारपर्यंत कुणी आडनाव सांगायचं नाही आणि कामधंदाही सांगायचा नाही. ही दोन कळली की माणसं एकमेकांचं ऐकायचं थांबवतात, असं ताईंचं मत. मला तो नियम पहिल्या क्षणापासून आवडला. त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी विषय होता गावाचा इतिहास. ताईंनी प्रत्येकाला आपल्या गावचा नकाशा आठवणीतून फळ्यावर काढायला लावला. माझ्या शेजारच्या सतरंजीवर झोपणारे रघुनाथदादा उरणच्या बाजूचे, साठीच्या घरातले. त्यांनी खाडी काढली, बांध काढला, मग एकेक शेत आणि त्याचं नाव. मोठा खार. चिंचेखालचं. बांधातल्या पाण्याच्या दाराला तिकडे उघाडी म्हणतात, तिच्याजवळ त्यांनी दोन तुकडे काढले आणि खडू खाली ठेवला. मी मागून सहज बोलून गेलो, "तिथे तीन तुकडे आहेत. तुम्ही दोनच काढलेत."

रघुनाथदादा वळले. "तुमी आमच्या गावात कवा आलेले नाय. मग तिसरा तुमाला कसा म्हाईत?"

हा प्रश्न उद्या दुपारी विचारायचा, एवढंच ताई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्याला फळ्याशी बोलावलं.

मी भूसंपादनाच्या कचेरीत कारकून होतो. त्या गावचा नकाशा माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलेला असे. त्यावर नावं नव्हती, नुसते नंबर. जमीन सरकार घेत असल्याच्या नोटिसा मालकांना मीच लिहिल्या होत्या, त्या तिसऱ्या तुकड्याचीही. तिसरा तुकडा रघुनाथदादा विसरले नव्हते, त्यांनी तो मुद्दाम वगळला होता, हे माझ्या ध्यानात आलं, आणि त्यानंतर पुढच्या व्याख्यानातला एक शब्द मला ऐकू आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली आणि ताईंकडे गेलो. बायकोला बरं नाही, असा निरोप आल्याची थाप मारली. ताईंना ती थाप कळली असणार. "जायचं तर जा," त्या म्हणाल्या. "पण मला सांगून नको. रघुनाथरावांना सांगून जा."

रघुनाथदादा नळावर ताट घासत होते. मी पिशवी खाली ठेवली आणि बायकोच्या आजाराऐवजी खरं ते सांगितलं. कचेरीचं नाव सांगितलं, नोटिसा माझ्या हातच्या आहेत हेही सांगितलं. ते ताट घासतच राहिले. स्वच्छ झालेलं ताट त्यांनी पुन्हा एकदा घासलं.

"अक्षर चांगलं हाय तुमचं," ते म्हणाले आणि आत गेले.

कुणी थोबाडीत मारली असती तर मी घरी जाऊ शकलो असतो. त्या वाक्यानंतर जाता येईना. दुपारी ओळखींची वेळ आली. माझी पाळी आल्यावर मी उभा राहून कचेरीचं नाव सांगितलं, आणि त्या वर्गात जमिनी गेलेल्या गावांची माणसं किती होती हे मला माझ्याकडे वळलेल्या माना पाहून कळलं. ताईंनी माझी बाजू सावरून घेतली नाही. त्यांनी कुणालाही गप्प केलं नाही की बोलतं केलं नाही, नुसत्या खुर्चीत बसून राहिल्या. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता.

मग रघुनाथदादा उठले. त्यांनी पुन्हा तो नकाशा काढला, या वेळी उघाडीजवळ तिसरा तुकडाही काढला, आणि खडू माझ्यापुढे धरला. "नावं मी सांगतो, नंबर तुमी लिवा. पोरांना दोनी कळू दे." ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. शेवटच्या तुकड्याशी ते थांबले. "हा आयचा तुकडा. ह्याला नंबर नाय लिवायचा."

ताईंनी त्या दिवशी आभारप्रदर्शन रद्द केलं आणि तो फळा जसाच्या तसा ड्रॉइंगच्या कागदावर उतरवून घेतला.

पुढे मी कचेरीत नोटिशीच्या प्रतीवर समासात पेन्सिलीने शेताचं नाव लिहू लागलो. साहेबांनी दोनदा खोडायला लावलं. नोकरी सोडावी का, हे विचारायला मी ताईंकडे गेलो, तर त्यांनी सल्ला दिला नाही. पुढच्या वर्गाचं पत्रक हातात ठेवलं. मी नोकरी सोडली नाही, आणि ती निर्धास्तपणे केलीही नाही.

तो कागद ताई आजही प्रत्येक वर्गाला भिंतीवर लावतात. रघुनाथदादाही येतात. आमच्या सतरंज्या शेजारी असतात. बोलणं बेताचंच होतं. मोठ्या खारावर आता कंटेनरचे ट्रक उभे असतात. कागदावरच्या तिसऱ्या तुकड्यापुढची नंबराची जागा कोरी आहे, आणि तिथला नंबर मला पाठ आहे.

ताईंचे गुडघे अलीकडे कुरकुरतात, आणि वर्ग आता दुसऱ्या कुणी घ्यावेत असं त्या म्हणू लागल्या आहेत. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभावं ही प्रार्थना या ग्रंथात सगळेच करतील, मीही करतो, पण माझ्या प्रार्थनेत थोडा स्वार्थ आहे. रघुनाथदादा एखाद दिवशी मला त्या कोऱ्या जागेत "लिवा" म्हणतील, तेव्हा ताई त्या खोलीत नसतील तर मी पुन्हा पिशवी भरीन. आणि ते कधीच म्हणाले नाहीत, तर ती जागा कोरी ठेवून मला तिच्यासमोर बसवायलाही ताईच हव्यात.